नकाशाचा उजवा कोपरा

सिद्रामअण्णा,

तुम्ही गेल्याची बातमी पेपरात दोन ओळींत आली. आतल्या पानावर, सिनेमाच्या जाहिरातीला खेटून. 'शहरातील जुने व अनुभवी मिस्त्री' अशी तिची सुरुवात होती. मी चहा तसाच ठेवला आणि ती बातमी पुन्हा वाचली, कुठं पुढं काही दुरुस्ती आहे का बघायला. नव्हती. मिस्त्रीचं काम हलकं म्हणून मला राग आला नाही, तुम्हीच मला कामगारांशी नीट बोलायला शिकवलंत. राग आला तो खोट्याचा. तुम्ही आयुष्यात थापी हातात धरली नाहीत. मिस्त्री विटा लावतो. विटा किती, कुठं आणि कशावर, हे तुम्ही ठरवत होतात. पण पेपरवाल्यावर तरी कशाला चिडू? त्याला कुणीतरी तसं सांगितलं असणार, आणि सांगणाऱ्याला तेवढंच ठाऊक असणार. खरं ठाऊक असलेली माणसं या सोलापुरात दोन-तीनच, आणि त्यात पहिली मी. ती मूग गिळून बसली होती.

तुम्हाला विभूती लावून मातीत बसवलं त्याला आज सतरा दिवस झाले. शोकसभाही झाली. कॉन्ट्रॅक्टर लोक आले होते, सळईचे दुकानदार आले होते. सगळे तुमच्या गोड स्वभावाबद्दल बोलले. अण्णा, तुमचा स्वभाव काही गोड नव्हता. तुम्ही हट्टी होतात, टोचून बोलायचात, आणि समोरचा चुकला की चष्म्यावरून असं बघायचात की त्याला आपली मुंज आठवावी. मला बोलायला सांगितलं तेव्हा मीही गोड स्वभावावरच दोन वाक्यं बोलून खाली बसले. खरं बोलायचं होतं ते राहून गेलं. म्हणून हे लिहिते आहे.

तुम्ही पहिल्यांदा नवी पेठेतल्या माझ्या ऑफिसात आलात तो दिवस मला स्वच्छ आठवतो. ऑफिस कसलं, कापडदुकानावरची एक खोली. खाली कापड फाडल्याचा टरटर आवाज, वर मी, एक टेबल आणि भिंतीवर चौकटीत लावलेलं माझं इंजिनिअरिंगचं सर्टिफिकेट. पदवी होती, म्युनिसिपालिटीचं लायसन होतं, नव्हतं ते गिऱ्हाईक. घर बांधायचं म्हणजे माणूस जन्माची पुंजी घालतो, तो ती बाईमाणसाच्या हातात कशी देईल? जिना चढून यायचे, मला बघायचे, 'साहेब कुटं गेलेत?' विचारायचे. मीच साहेब म्हटलं की 'बरं बरं, येतो मग,' करून जिना उतरायचे. सात महिन्यांत मी एका गोठ्याचा नकाशा काढला होता, तोही माझ्या मावशीच्या.

तुम्ही साहेब कुठं आहेत ते विचारलं नाहीत. धोतर, पांढरी टोपी, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, काखेत गुंडाळलेला ट्रेसिंग पेपर. खुर्चीवर बसलात आणि म्हणालात, "बाई, तुमच्याकडं सही हाय आणि काम न्हाय. माझ्याकडं काम हाय आणि सही न्हाय."

मला इतका संताप आला. म्हटलं, "मी सही विकायला बसले नाही हितं."

"विकू नका की. तपासा. चुकलं तर फाडून टाका."

तुमची सगळी हकीकत मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळली. अक्कलकोटच्या बाजूचं गाव, कानडी शाळेत सातवीपर्यंत शिक्षण, मग गिरणीच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर. साहेबांनी काढलेला नकाशा शाईने गिरवायचा, एवढंच काम. पण तुम्ही गिरवता गिरवता तो वाचायला लागलात. मग साहेबांच्या टेबलावरची पुस्तकं जेवणाच्या सुट्टीत उघडायला लागलात, इंग्रजी कळत नव्हतं तर आधी आकृत्या, मग आकडे, मग शब्द. वीस वर्षांनी गिरणी सोडली तेव्हा तुम्हाला सगळं येत होतं आणि कागदावर तुम्ही ट्रेसरच होतात. मग जे इंजिनिअर तुमच्या नकाशांवर सही करत ते पुण्याला मुलाकडे राहायला गेले आणि तुमचं गाडं अडलं. म्हणून माझा जिना.

तो पहिला नकाशा मी दोन दिवस तपासला. चूक सापडावी म्हणून तपासला, खोटं कशाला सांगू. पाया, भिंती, स्लॅबची जाडी, सळईचं गणित, सगळं माझ्या पद्धतीने पुन्हा केलं. 'व्हेंटिलेटर'चं स्पेलिंग तेवढं चुकलं होतं. ते ब्लेडने खरवडून मी नीट केलं आणि खाली उजव्या कोपऱ्यात सही केली. प्रत्येक नकाशाच्या त्या कोपऱ्यात एक चौकट असते. मालकाचं नाव, गावठाण नंबर, मोजमापाचं प्रमाण आणि सगळ्यात खाली इंजिनिअरची सही व लायसन नंबर. 'नकाशा काढणार' असाही एक रकाना तिथे असे. तुम्ही तो कोरा ठेवला होता. मी विचारलं, इथं काय? तुम्ही म्हणालात, "तुमीच की." आणि मी तिथेही माझंच नाव घातलं. किती सहज घातलं, अण्णा. तेव्हा हात जरासुद्धा अडला नाही.

पुढची अकरा वर्षं आपण असंच काम केलं. हळूहळू लोक माझ्यासाठीही जिना चढायला लागले, पण ते तुमच्यामुळे. 'सिद्रामअण्णा बाईंकडं जातो म्हणजे बाईला कळत असंल,' असं ते म्हणायचे, हे मला खालच्या कापडदुकानदाराने सांगितलं होतं. तुमचं टेबल खिडकीशी, माझं दाराशी. तुम्ही कच्चं गणित कानडी आकड्यांत करायचात, एका लांबट वहीत, आणि पक्कं तेवढं इंग्रजीत. त्या वहीपायी एकदा मी तुमची नाचक्की केली, आठवतं? मालक समोर बसले होते. मी वही ओढली, आकडा वाचला आणि भर लोकांत म्हटलं, "अण्णा, एवढ्या मोठ्या स्लॅबला सहा सळया? झोपेत होता काय?" मालकांचा चेहरा उतरला. तुम्ही अजिबात तापला नाहीत. चष्मा पुसलात, वही आपल्याकडे फिरवलीत आणि म्हणालात, "सोळा हाय बाई. आमचा एक असाच असतो, तोंड उघडं. तुमाला शून्य वाटला." मी त्याला शून्य समजले होते, आणि सोळाचे सहा केले होते. त्या संध्याकाळी तुम्ही मला एक ते दहा कानडी आकडे शिकवलेत. सात मला अजूनही जमत नाही.

आणि मागावरून झालेलं भांडण. विणकरांच्या गल्लीतल्या एका मालकाला वरच्या मजल्यावर चार पॉवरलूम ठेवायचे होते. मी गणित केलं, तुळई गणितात बसत होती. तुम्ही म्हणालात, तुळईची जाडी दोन इंच वाढवा. मी म्हटलं, वजन धरलंय मी. तुम्ही म्हणालात, "वजन धरलं, हलणं कुटं धरलं? माणूस बसतो, उठतो. माग थांबत न्हाय." मी पुस्तक उघडून दाखवलं. तुम्ही मला सायकलवर बसायला सांगितलंत, म्हणजे माझ्या सायकलवर मी आणि तुमच्या सायकलवर तुम्ही, आणि घेऊन गेलात एका जुन्या कारखान्यात. तिथल्या तुळईवर हात ठेवायला लावलात. माग चालू होते. तळहाताला मुंग्या आल्या. मी परत आले आणि दोन इंच वाढवले. वरच्या मजल्यावर माग ठेवायला मालकाला परवानगी मिळाली ती माझ्या सहीवर. 'बाईंनी फार पुढचा विचार केला,' असं म्युनिसिपालिटीतले साहेब म्हणाले. मी 'हं' म्हटलं. तुम्ही शेजारी उभे होतात.

हे सगळं आठवलं की मला आपला मोठा वाद आठवतो, जो कधी संपलाच नाही. लायसन असावं की नसावं. गंमत बघा, लायसनवाली मी, आणि मी म्हणायची हे सगळं थोतांड आहे. कागद असलेला गाढव सही करतो आणि कागद नसलेला हुशार माणूस त्याच्या दारात उभा राहतो. आणि तुम्ही, ज्याच्याकडे कागद नव्हता, तुम्ही लायसनच्या बाजूने तावातावाने बोलायचात. "डॉक्टरला नोंदणी लागती, वकिलाला सनद लागती, टांगेवाल्यालासुदीक बिल्ला लागतो. आणि ज्याच्या खाली पोरंबाळं झोपत्यात ते छत टाकणाऱ्याला कायच न्हाय? उद्या कुणीबी उठंल आणि स्लॅब टाकंल. लायसन पायजे, बाई. कडक पायजे."

"मग तुमचं काय?" मी विचारायची.

"माझी परीक्षा घ्या की. मी कुटं न्हाय म्हणतो?"

परीक्षा कोण घेणार होतं? सातवी पास माणसाला परीक्षेला बसायची सोयच नव्हती. मी हे म्हटलं की तुम्ही निब शाईत बुडवायचात. तिथेच वाद थांबायचा. माझा मुद्दा अजूनही तोच आहे, अण्णा, पण हल्ली वाटतं तुमचा जास्त खरा होता. बिल्ला वाईट नव्हता. तो कुणाच्या छातीवर लावला गेला, ते वाईट होतं.

मग ती सोय झाली. दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी एका गल्लीत कुणाची तरी नवी गॅलरी खाली आली. माणूस कुणी सापडलं नाही त्यात, पण गाव हबकलं. म्युनिसिपालिटीत नवे नियम आले. शहरातल्या सगळ्या घरं बांधणाऱ्यांची नव्याने नोंदणी करायची, दोन याद्या करायच्या. पहिली यादी इंजिनिअरांची, त्यांनी नकाशे काढायचे आणि सही करायची. दुसरी पर्यवेक्षकांची, त्यांनी नुसतं कामावर उभं राहून देखरेख करायची. आणि पहिल्या यादीसाठी एक कलम असं होतं की पदवी नसली, पण दहा वर्षं स्वतः नकाशे काढल्याचा पुरावा दिला, तर तोंडी परीक्षा घेऊन नाव घेतलं जाईल.

तोंडी परीक्षा. तुम्ही ते कलम तीनदा वाचलंत. त्या दिवशी तुम्ही खाली जाऊन दोघांसाठी चहा आणलात, स्वतः, कप हातात धरून. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

पण पुरावा कसला देणार? अकरा वर्षांतल्या तुमच्या प्रत्येक नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात माझं नाव होतं. दोन्ही रकान्यांत. तुमचा पुरावा एकच होऊ शकत होता, आणि तो मी होते.

सोमवार होता. तुम्ही टेबल आवरलंत, टोपी घातलीत आणि दारापाशी थांबलात. "बाई, एक कागद लागंल तुमच्याकडनं."

कसला कागद, हे मला विचारायची गरजच नव्हती. आणि त्याच नियमात दोन पानं पुढे काय लिहिलंय, हेही मी वाचलेलं होतं. दुसऱ्याने काढलेल्या नकाशावर स्वतःचा म्हणून सही करणाऱ्याचं लायसन रद्द. गावातल्या लायसनवाल्यांत मी एकटी बाई होते. माझा पाय घसरावा म्हणून वाट बघणारे किती होते, हे तुम्हालाही माहीत होतं.  मी ड्रॉवर उघडला, काही शोधत असल्यासारखा, आणि म्हटलं, "बघू."

एवढंच. नाही म्हटलं नाही. नाही म्हणायलाही धीर लागतो. तुम्ही "बरं" म्हणालात आणि जिना उतरलात.

मंगळवारी तुम्ही आलात, काम केलंत. बुधवारीही. पुन्हा एका शब्दाने विचारलं नाहीत. तुम्ही विचारलं असतंत तर मी दिला असता, असं मी किती तरी दिवस स्वतःला सांगितलं. आता सांगत नाही. तुम्ही एकदा मागितलं होतं आणि ते पुरेसं होतं. अर्जाची शेवटची तारीख होती त्या दिवशी मी मुद्दाम साइटवर गेले, दिवसभर ऑफिसात आलेच नाही.

मग यादी लागली. बोर्डावर टंकलेली दोन पानं. पहिल्या पानावर माझं नाव. दुसऱ्या पानावर, पर्यवेक्षकांत, नववं नाव तुमचं. मी तिथल्या कारकुनाला गोड बोलून तुमचा अर्ज बघायला मागितला. 'आजवर केलेल्या कामाचे स्वरूप' या रकान्यात तुम्ही एकच शब्द लिहिला होता. देखरेख. तुमच्या त्या सुंदर, ट्रेसरच्या अक्षरात.

'नकाशे' लिहिलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, कुठले नकाशे? आणि मग माझा कोपरा उघडा पडला असता. मला वाचवायला तुम्ही तो शब्द लिहिलात. परत आल्यावर मी तुमच्या टेबलाशी उभी राहिले. "असं का लिहिलंत अण्णा?"

तुम्ही मान वर केली नाहीत. "खोटं हाय व्हय? उभा तर राहतोच की कामावर."

त्यावर मी काही तरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "सिमेंटचं परमिट आलं का त्या कामाचं?" आणि तुम्ही म्हणालात, आलं.

चार वर्षं गेली मध्ये. आपण पूर्वीसारखंच काम केलं. हो, अगदी तसंच, तुमचे नकाशे आणि माझी सही. फक्त आता तो नियमानेही गुन्हा होता आणि दोघांनाही ते ठाऊक होतं. तुम्ही माझ्याशी कधी वाकडं वागला नाहीत. वागला असतात तर सोपं गेलं असतं. गुळपोळीचा डबा माझ्याकडून घेत राहिलात, शेंगाची चटणी तुमच्याकडून येत राहिली. माझ्या मनात मात्र ते रोज कुरतडत होतं. निब शाईत बुडली की मला देखरेख हा शब्द दिसायचा.

गेल्या पावसाळ्यानंतर तुमचा दम वाढला. जिना चढवेना, मग मी ट्रेसिंग तुमच्या घरी पाठवायला लागले. मग तुम्ही दवाखान्यात गेलात. तिथे पहिल्या दिवशी तुम्हाला खाटेवर बसून श्वास ओढताना बघितलं आणि घरी येऊन मी तो कागद लिहायला घेतला. चार वर्षं उशिरा. जुने सगळे गठ्ठे काढले, धूळ झाडली, एकेक नकाशा उघडला. तुमचे वेगळे काढले. एक्केचाळीस निघाले. शुद्ध मराठीत लिहिलं की खालील एक्केचाळीस इमारतींचे नकाशे व गणित सिद्रामअण्णांनी स्वतः केले असून मी केवळ तपासून सही केली आहे, तरी त्यांचे नाव पहिल्या यादीत घ्यावे. खाली सही केली. 

शनिवारी दुपारी मी तो घेऊन दवाखान्यात आले. तुमच्या पत्नी, नीलव्वा, मोसंबी सोलत बसल्या होत्या. तुम्ही कागद घेतलात. मला वाटलं होतं तुमचे डोळे भरतील, किंवा माझे तरी. कसलं काय. तुम्ही म्हणालात, "पेन्शिल हाय?"

पेन्सिल दिली. तुम्ही उशीला टेकून तो कागद तपासायला लागलात, जसा मी तुमचा पहिला नकाशा तपासला होता तसा, ओळीओळीने. मधे दम लागला की थांबायचात. सव्वीस नंबरपाशी आलात आणि त्या ओळीवर काट मारलीत.

"हे माझं न्हाय."

मी वाकून बघितलं. स्टेशनच्या बाजूचा डॉक्टरांचा बंगला. "अण्णा, तुमच्याच गठ्ठ्यात होता तो."

"ट्रेस मी केला. काढला तुमी. जिना कोपऱ्यातनं मधी घेतला, मी भांडलो, तुमी ऐकलं न्हाय. बरा झाला तो जिना." आणि जरा श्वास घेऊन, "जे माझं न्हाय त्याच्यावर माझं नाव नको."

मला टोमणा मारायचा म्हणून तुम्ही ते बोलला नाहीत. तुमच्या चेहऱ्यावर तसं काहीच नव्हतं. तुम्ही फक्त यादी बरोबर करत होतात. म्हणून तर ते मला इतकं लागलं. अकरा आणि चार, पंधरा वर्षं मी तुमच्या घरांवर माझं नाव घालत होते आणि तुम्हाला माझं एक घर चुकून मिळत होतं तर तुम्ही मरणाच्या दारात ते परत केलंत. मी खाटेच्या कडेला बसून रडले. नीलव्वांनी मोसंबीची फोड माझ्या हातात ठेवली. 

तुम्ही कागद संपवलात. खाली, माझ्या सहीच्याही खाली, पेन्सिलीने लिहिलंत, 'तपासले', आणि कानडीत सही केलीत. मग म्हणालात, "हे दिलं तर तुमचं लायसन जाईल, बाई."

"जाऊ दे."

"जाऊ दे कसं? पोटाचं काय?" तुम्ही कागदाची घडी घातलीत. मला वाटलं आता तो फाडाल. पण तो माझ्या हातात देत म्हणालात, "तोंडी परीक्षेला काय विचारतील हो?"

मी म्हटलं, "तुम्हाला काय विचारणार ते? तुम्हीच विचाराल त्यांना." तुम्ही हसलात. हसताना खोकला आला, आणि नर्सने मला बाहेर जायला सांगितलं. दुसरा दिवस रविवार, म्युनिसिपालिटी बंद. सोमवारी पहाटे तुम्ही गेलात.

आता पुढचं सांगते, हे तुम्हाला माहीत नाही.

परवा मी तो कागद घेऊन म्युनिसिपालिटीत गेले. कारकून म्हणाला, "बाई, अर्जदार हयात न्हायत. नाव कसं घेणार?" मी म्हटलं, नाव घेता येत नसेल तर घेऊ नका, पण कागद घ्या आणि शिक्का मारा. त्याने वाचला. मोठ्याने वाचला, बिचाऱ्याची सवय तशी. खोलीत चार-पाच जण होते, दोन आपलेच इंजिनिअर. वाचता वाचता त्याचा आवाज खाली येत गेला. "बाई, यात तुमी तुमच्याच अंगावर घेताय. चौकशी बसंल."

"बसू दे. शिक्का मारा."

त्याने मारला. माझ्या हातात पोच दिली. बाहेर आले तर मागून बिराजदार आले. आपले तेच, चाळीस वर्षं प्रॅक्टिस असलेले, ज्यांना सगळे काका म्हणतात आणि तुम्ही ज्यांच्या नकाशांना नेहमी 'छान, पण कुणाचे?' असं म्हणायचात. चांगलेच भडकले होते. म्हणाले, "हे काय केलंस? तुझाच एकटीचा सिद्राम होता काय? गावात प्रत्येकाच्या ऑफिसात खिडकीशी एक बसलाय. तू अशी पोच घेऊन निघालीस तर आम्ही काय करायचं?"

  मी म्हटलं, "काका, ते मला ठाऊक नाही. माझा गेला." आणि सायकलरिक्षा करून घरी आले.

काल नोटीस आली. पंधरा दिवसांत खुलासा करायचा आहे. खुलासा काय करणार, सगळं लिहून दिलंच आहे. लायसन जाईल बहुतेक. भीती वाटते, तुमच्यापासून काय लपवायचं. पण रात्री झोप लागते, जी चार वर्षं धड लागत नव्हती.

आणि आज सकाळी जिन्यावर पावलं वाजली. बिराजदारकाका. धापा टाकत आले, खुर्चीवर बसले, रुमालाने मान पुसली. मला वाटलं आणखी बोलणी खायची आहेत. त्यांनी तुमच्या रिकाम्या टेबलाकडे बघितलं. मग म्हणाले, "त्या कागदाची नक्कल आहे का तुझ्याकडं?"

मी काढून दिली. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि कोऱ्या कागदावर मजकूर उतरवायला लागले. तुमच्या नावाच्या जागी त्यांनी दुसरं नाव लिहिलं, ते मी इथं लिहीत नाही, तुम्ही ओळखताच. इमारतींच्या यादीसाठी बरीच जागा सोडली. दोन पानं लागतील, म्हणाले. शेवटी, तुमचं 'तपासले' आणि कानडी सही मी नकलेत जिथे उतरवून ठेवली होती, तिथे येऊन थांबले.

"हे काय आहे?"

"ज्याचे नकाशे, त्याने यादी तपासलीय."

"म्हणजे त्याला दाखवावं लागंल."

"हो."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. खाली कापड फाडत होते. मी विचारलं, "आहे ना तो?"

"आहे की. आत्ता ऑफिसातच सोडून आलोय त्याला. काम करत बसलाय."

"मग आजच दाखवा, काका," मी म्हटलं.